ॲलर्जीचे चार प्रकार: आधी वेळ मोजा, मग औषध ठरवा

अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. "त्यानंतर किती वेळाने उठलं?" हेही विचारलं तर बऱ्याचदा निम्मं निदान तिथेच होतं. काही मिनिटांत उठलेली ॲलर्जी, दोन दिवसांनी उठलेली ॲलर्जी आणि आठवड्याभराने सांधे धरून ताप आणणारी ॲलर्जी या शरीरात वेगवेगळ्या वाटांनी घडतात आणि त्यांची औषधंही वेगळी असतात. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: एक सेट्रिझिन, नाहीतर दवाखान्यात ॲव्हिल आणि डेक्साचं इंजेक्शन. काहींना त्याने बरं वाटतं, काहींचा मोलाचा वेळ जातो, आणि थोड्यांच्या बाबतीत जीवच धोक्यात येतो. म्हणून हा लेख वेळेच्या हिशोबाने लिहिला आहे.

पायरी १: वेळ काढा

१९६३ साली फिलिप जेल आणि रॉबिन कूम्ब्स या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. साठ वर्षांनंतरही वैद्यकीय शिक्षणात हीच मांडणी वापरली जाते. प्रत्यक्ष आजारांत प्रकार एकमेकांत मिसळतात, पण रुग्णासमोर बसल्यावर विचार सुरू करायला याहून सोपी चौकट नाही.

पहिल्या प्रकारात त्रास काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत सुरू होतो. आयजीई नावाची प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) मास्ट पेशी या प्रतिकारशक्तीच्याच पेशींवर आधीच चिकटून बसलेली असतात. ॲलर्जीचा पदार्थ आला की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं थेट आपल्याच पेशींवर, उदाहरणार्थ तांबड्या रक्तपेशींवर चाल करून जातात. तिसऱ्यात प्रतिपिंडं आणि बाहेरचं प्रथिन यांचे गठ्ठे रक्तात तयार होतात, आणि ते मूत्रपिंडं, सांधे, रक्तवाहिन्या यांत अडकून दाह करतात. याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. चौथ्यात प्रतिपिंडांचा संबंधच नसतो. टी-पेशी (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) काम करतात आणि त्यांना जमायला बहुधा ४८ ते ७२ तास लागतात.

तेव्हा त्रास झाला की कागदावर तीन गोष्टी लिहा: कशाशी संबंध आला (खाणं, औषध, चावा, अंगाला लावलेलं काही), नेमकं कधी, आणि पहिलं लक्षण कधी दिसलं. औषधांच्या बाबतीत मागच्या दोन महिन्यांत नवीन सुरू झालेली प्रत्येक गोळी लिहा. "ती तर केव्हापासून घेतोय" म्हणून कुठलीच वगळू नका.

पायरी २: मिनिटांचा खेळ ओळखा

सगळ्यात जास्त जागा मी या पायरीला देतो आहे, कारण इथे चुकलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

कोळंबी, खेकडा, शेंगदाणा, काजू, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, प्रतिजैविकाचं इंजेक्शन, वेदनाशामक गोळी यांपैकी कशानंतरही मिनिटांत अंगभर खाज आणि गांधी उठल्या, आणि त्याच्या जोडीला श्वासाला त्रास, आवाज घोगरा होणं, घशात आवळल्यासारखं वाटणं, चक्कर, वारंवार उलट्या किंवा रक्तदाब पडणं यांपैकी काही असेल, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीराला घेरणारी जीवघेणी ॲलर्जी, समजायची. काही रुग्णांच्या अंगावर काहीच उठत नाही आणि थेट रक्तदाब पडतो. म्हणून "पुरळ कुठे आहे?" म्हणत थांबू नका.

यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचं. १ मिलिमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून मोठ्या माणसाला अर्धा मिलि. मुलांना वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिलि. ५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. १ मिलिची बारीक खुणांची सिरिंज असली की माप चुकत नाही, मात्र सुई स्नायूपर्यंत पोहोचेल इतकी लांब हवी. दंडापेक्षा मांडीतून औषध लवकर रक्तात पोहोचतं. शिरेतून ॲड्रेनालिन देणं हे अतिदक्षता विभागातलं काम आहे, छोट्या दवाखान्यात तो प्रयोग नको.

ॲव्हिल किंवा सेट्रिझिन खाज कमी करतं, घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब सावरत नाही. डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. ही औषधं ॲड्रेनालिननंतर द्यायला हरकत नाही, त्याच्याऐवजी नाही. ॲड्रेनालिनने हृदयाला काही होईल या भीतीने अनेक ठिकाणी ते उशिरा दिलं जातं. स्नायूत, योग्य मापात दिलेल्या ॲड्रेनालिनचा धोका ते न देण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी कमी आहे, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. छातीत धडधड आणि हाताला कंप सुटेल, तो काही मिनिटांत जाईल.

घरच्यांनी काय करायचं? रुग्णाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. श्वास लागत असेल तर पाय पसरून टेकून बसू द्या. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. मुख्य म्हणजे रुग्णाला चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, उचलून न्या. आडव्या रुग्णाला एकदम उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि तो तिथल्या तिथे कोसळू शकतो. १०८ ला फोन करताना "ॲलर्जीने श्वास बंद होतोय" असं स्पष्ट सांगा. मधमाशीची नांगी रुतलेली दिसली तर नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. आग्या मोहोळ उठलं तर आधी तिथून लांब पळा, नांग्या मग काढा.

बरं वाटलं म्हणून लगेच घरी जाऊ नका. काही तासांनी, पुन्हा काही न खाता, दुसरा झटका येऊ शकतो. निदान ६ तास, आणि पहिला झटका जोराचा असेल तर १२ तास किंवा जास्त वेळ देखरेखीखाली राहायला हवं. परदेशात रुग्ण स्वतःच टोचून घेतील अशी तयार ॲड्रेनालिनची पेनं मिळतात, आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. एकदा ॲनाफिलॅक्सिस झालेल्या माणसाने डॉक्टरांकडून ॲम्प्यूल, सिरिंज आणि लेखी माप घ्यावं. ते कसं भरायचं हे घरातल्या दोघांनी तरी प्रत्यक्ष शिकून ठेवावं. ॲम्प्यूल उजेडापासून जपून ठेवायची, आणि मुदत संपण्याआधी बदलायची.

पायरी ३: रोजची ॲलर्जी, पित्त, शिंका, दमा

प्रकार तोच, पण सहसा जीवावर बेतणारा नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावण्याची पद्धत घराघरात आहे. त्याने थंडावा मिळतो, तो मिळू द्या. मूळ औषध मात्र फारशी झोप न आणणारं अँटीहिस्टामिन (हिस्टामिनला अडवणारं औषध): सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांपैकी एक. पित्त रोज उठत असेल आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ चाललं असेल तर उठेल तेव्हा गोळी घेण्याऐवजी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती नेहमीच्या चौपटीपर्यंत वाढवता येते. तरीही आवरलं नाही तर ओमालिझुमॅब हे आयजीईला पकडणारं इंजेक्शन आहे. खर्चिक आहे, पण हट्टी पित्तावर फार उपयोगी. आणि एक नेहमी नजरेआड होणारी गोष्ट: सहा आठवड्यांपलीकडचं पित्त बहुतेकदा खाण्यातल्या कशामुळे नसतं. त्यासाठी वांगी, दही, केळी बंद करत बसलेली माणसं विनाकारण उपाशी राहतात.

नाकाच्या ॲलर्जीत फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे गोळीपेक्षा सरस ठरतो. तो रोज मारावा लागतो आणि पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडून देणारे खूप भेटतात. मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने थोडी तिरकी धरा, म्हणजे घोळणा फुटत नाही. दम्यात तर श्वासावाटे घेतलेलं स्टेरॉइड हाच पाया आहे. नुसता निळा पंप मारत राहणं म्हणजे दाह आत तसाच ठेवून वरवर श्वास मोकळा करणं.

चाचण्यांबद्दल. स्किन प्रिक चाचणीत हातावर थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांधी मोजतात. त्याआधी अँटीहिस्टामिन साधारण आठवडाभर बंद ठेवावं लागतं, नाहीतर निकाल खोटा कोरा येतो. रक्तातलं आयजीई वाढलेलं दिसलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही. तो पदार्थ खाऊन त्रास होतो की नाही, याला जास्त वजन. शंभर-दोनशे पदार्थांचं आयजीजी (प्रतिपिंडांचाच दुसरा प्रकार) तपासणारी जी महागडी पॅकेजं मिळतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. आयजीजी सापडलं याचा अर्थ इतकाच की तो पदार्थ तुम्ही खाता.

धुळीतल्या कीटकांवर, परागकणांवर किंवा माशीच्या दंशावर इम्युनोथेरपी म्हणजे वाढत्या मात्रेची लस घेता येते. ती ३ ते ५ वर्षं चालते आणि प्रत्येक इंजेक्शननंतर दवाखान्यात निदान अर्धा तास थांबायचं असतं.

पायरी ४: रक्त चढताना आणि बाळंतपणात

दुसरा प्रकार सर्वसामान्य माणसाला मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो.

एक, चुकीच्या गटाचं रक्त चढणं. चूक बहुतेक वेळा प्रयोगशाळेत होत नाही. पिशवी आणि रुग्ण यांची जुळणी करताना नाव किंवा नंबर चुकतो. रक्त सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, सुई टोचलेल्या जागी आग, छातीत दडपण, लाल लघवी यांपैकी काही दिसलं तर सोबत बसलेल्या नातेवाइकाने "बघू थोडा वेळ" म्हणू नये, नर्सला लगेच बोलवावं. रक्त तत्काळ थांबवायचं, शीर सलाईनने चालू ठेवायची, पिशवीवरचा नंबर आणि रुग्णाचं नाव पुन्हा ताडून पाहायचं, पिशवी आणि रक्ताचा नवा नमुना रक्तपेढीकडे पाठवायचा. पुढचे उपचार रक्तदाब आणि मूत्रपिंडं वाचवण्याचे असतात.

दोन, आरएच निगेटिव्ह रक्तगटाची आई आणि पॉझिटिव्ह रक्तगटाचं बाळ. पहिलं बाळ सहसा सुखरूप जन्मतं. त्या बाळंतपणात आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फुटतात. यावर अँटी-डी इंजेक्शन आहे: गरोदरपणात २८ व्या आठवड्याला, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला किंवा मध्येच रक्तस्राव झाला तरी लागतं, आणि तिथेच ते राहून जातं. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की या इंजेक्शनचा उपयोग नाही.

आपल्याच प्रतिपिंडांनी तांबड्या पेशी फुटण्याचा आजारही याच गटातला. त्याचं निदान ज्या कूम्ब्स चाचणीने होतं ती वर उल्लेखलेल्या कूम्ब्स यांच्याच नावाची. उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरू होतात, गरजेनुसार रिटक्सिमॅब.

पायरी ५: आठवड्याभराने आलेला ताप

सर्पदंशाची लस आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. भारतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र असते आणि घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात. ही एकच लस दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या प्रतिक्रिया देऊ शकते. सलाईन चालू असताना किंवा नंतरच्या काही तासांत खाज, उलट्या, धाप लागली तर ठिबक थांबवून ॲड्रेनालिन द्यायचं, आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करायची. विषावर दुसरा उतारा नाही, त्यामुळे प्रतिक्रियेच्या भीतीने लस अर्धवट सोडता येत नाही. लसीआधी कातडीत टोचून चाचणी घेण्याचाही उपयोग नाही. तिच्यावरून प्रतिक्रिया येईल की नाही हे कळत नाही, वेळ मात्र जातो.

दुसरी प्रतिक्रिया साधारण आठवड्याभराने, रुग्ण घरी गेल्यावर येते: ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणं. हा सीरम सिकनेस, म्हणजे तिसरा प्रकार. घरच्यांना वाटतं विष पुन्हा चढलं, आणि मग मांत्रिकापर्यंत धावाधाव होते. विष चढलेलं नसतं. थोडे दिवस प्रेडनिसोलोन आणि अँटीहिस्टामिन घेतलं की उतरतं. सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना हे दोन वाक्यांत सांगायलाच हवं.

मुलांमध्ये घसा धरल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, किंवा कातडीवरच्या फोडांनंतर थोडं उशिरा, सकाळी डोळे सुजणं आणि चहाच्या रंगाची लघवी दिसली तर तेही याच प्रकारातलं. स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्ध बनलेले गठ्ठे मूत्रपिंडात अडकलेले असतात. मीठ आणि पाणी मोजून, लघवी वाढवणारं औषध आणि रक्तदाबावर लक्ष, एवढ्यावर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. याच प्रकारातला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) मात्र वर्षानुवर्षांचा. त्यात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा उपचाराचा कणा आहे. मात्रा वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायची आणि डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही.

पायरी ६: दोन दिवसांनी उठलेलं पुरळ

चौथ्या प्रकाराचा रोजचा नमुना म्हणजे क्षयासाठीची मांटू चाचणी. हातात टोचलेल्या ट्युबरक्युलिनचा (क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन) फुगवटा ४८ ते ७२ तासांनी मोजतात, आणि मोजायचा तो बोटाला लागणारा कडकपणा, लाली नव्हे.

आपल्या भागातलं सगळ्यात बोलकं उदाहरण बिब्ब्याचं. पायाच्या भेगेवर, दुखऱ्या गुडघ्यावर बिब्बा लावला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे पाण्याचे फोड, भोवती लाल चट्टे, जिथे चीक ओघळला तिथे सरळ रेघ, आणि पापण्या सुजलेल्या, कारण तेच बोट डोळ्याला लागलेलं. बिब्ब्याचा चीक जाळतोही आणि ॲलर्जीही करतो. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात पाहिले की हे वेगळं सांगावं लागत नाही. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल त्याच कुळातलं. कोकणात आणि गोव्यात काजू सोलणाऱ्यांना, आणि आंबा सालीसकट दाताने फोडणाऱ्या मुलांना तोंडाभोवती तसंच पुरळ येतं.

दुसरं उदाहरण गाजर गवत. १९५० च्या दशकात ते पुण्याच्या परिसरात नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिनमुळे चेहरा, पापण्या, मान, कोपराची आतली बाजू इथली कातडी जाड, काळपट होते आणि रात्रभर खाज सुटते. झाड उपटल्यावरच त्रास होतो असं नाही, वाळलेल्या झाडाची हवेत उडणारी धूळही पुरते. ज्यांना याची ॲलर्जी आहे त्यांना पुढे शेवंती आणि सूर्यफुलाचाही त्रास होऊ शकतो. शिवाय आहेतच: केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन, खोट्या दागिन्यांतलं निकेल, गवंड्यांच्या हाताला सिमेंटमधलं क्रोमेट, टिकलीचा गोंद.

कारण शोधायला पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या लावून ४८ तास ठेवतात, तोवर पाठ भिजवायची नाही, मग पट्ट्या काढून तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचतात. यासाठी अँटीहिस्टामिन थांबवायची गरज नसते, पण प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल तर निकाल दबतो.

उपचारात अर्धं काम कारण दूर करण्याचं. गाजर गवत काढताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवा, आणि ज्याला त्रास आहे त्याने ते काढूच नये. उरलेलं अर्धं काम स्टेरॉइड मलमाचं. तळहात-तळपायाला जोरदार, अंगाला मध्यम, चेहरा आणि जांघेत सौम्य. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं दुकानातून मागून चेहऱ्याला लावू नका. कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो दबून पसरतो. सेट्रिझिनने इथे थोडी झोप लागेल, पुरळ हटणार नाही, कारण हा हिस्टामिनचा खेळच नाही. गाजर गवताच्या जुन्या, अंगभर पसरलेल्या त्रासात त्वचारोगतज्ज्ञ अझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतात. त्याआधी आणि त्यासोबत रक्ताच्या तपासण्या आवश्यक असतात.

औषधांमुळे होणारा एक चौथ्या प्रकारचा त्रास मात्र घरी थांबवून ठेवायचा नाही. फिटची औषधं (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), सल्फा, युरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल यांपैकी काही सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, आणि खाजेऐवजी कातडी दुखणं, हात लावताच ती सुटणं असं दिसलं, तर संशयित औषध त्याच क्षणी बंद करून मोठं रुग्णालय गाठा. फिटचं औषध असेल तर पर्यायी औषध तिथे लगेच मिळतं. हा रुग्ण भाजलेल्या रुग्णासारखा सांभाळावा लागतो.

पायरी ७: कुष्ठरोगातल्या दोन प्रतिक्रिया

कुष्ठरोगाचे उपचार चालू असताना किंवा संपल्यावर जुने चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, हातापायाची नस दुखते, बोटं वळेनाशी होतात. याला पहिल्या प्रकारची रिॲक्शन म्हणतात, पण वरच्या वर्गीकरणात ती चौथी आहे. दुसऱ्या प्रकारच्या रिॲक्शनमध्ये ताप येऊन दुखऱ्या लाल गाठी उठतात, तिथे मुख्य वाटा तिसऱ्या प्रकाराचा असतो. आकड्यांच्या या गोंधळात विद्यार्थीही अडकतात. दोन्हींत प्रेडनिसोलोन लागतं. दुसरीत थॅलिडोमाइड फार गुणकारी आहे, मात्र मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते धोक्याचं. नस दुखत असेल तर वाट पाहणं म्हणजे कायमचं अपंगत्व ओढवून घेणं. आणि एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या, गोळ्या थांबवायच्या नाहीत. "गोळ्यांनीच अंगावर आलं" म्हणून त्या सोडणारे रुग्ण आजही आहेत.

पायरी ८: नोंद ठेवा

"मला पेनिसिलिन चालत नाही" एवढी नोंद पुरत नाही. लहानपणी गोळीनंतर जुलाब झाले किंवा गोवरासारखं पुरळ आलं, म्हणून हा शिक्का बसलेल्या बहुसंख्य लोकांना तपासल्यावर पेनिसिलिन चालतं असं दिसून येतं. शिक्का राहिला की पुढे दर वेळी महागडं, जास्त जहाल प्रतिजैविक वाट्याला येतं. तो खोडून काढायचा तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे, देखरेखीखाली. घरी गोळी खाऊन पाहायची नाही. आणि तोंडात फोड येऊन कातडी सुटली होती अशा औषधाची पुन्हा चाचणी कधीही घ्यायची नाही.

कार्डावर औषधाचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नाही, कारण एकच औषध दहा नावांनी विकलं जातं. तारीख, गोळी की इंजेक्शन, किती वेळाने काय झालं, ॲड्रेनालिन द्यावं लागलं का, भरती व्हावं लागलं का, हे लिहा. पुरळाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण गांधी डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत विरून जातात. गांधीभोवती पेनाने गोल काढा: २४ तासांत ती जागा सोडून दुसरीकडे उठली तर साधं पित्त, त्याच जागी टिकून डाग सोडून गेली तर रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि कातडीचा तुकडा तपासावा लागतो. कार्डाची एक प्रत पाकिटात ठेवा, एक घरातल्या माणसाच्या फोनमध्ये.